शिकारकथेतली गोळी

मराठी शिकारकथेत ‘बार’ भरपूर असतात. बार काढला, बार झाला, बार फुकट गेला. शब्दच आवाजाचा आहे. आवाजानंतर गोळी जनावराच्या अंगात शिरली आणि तिथे तिने काय केले, याबद्दल आपले लेखक सहसा बोलत नाहीत. बंदुकीची जात येते, मचाणाची उंची येते. गोळी मात्र सगळीकडे एकच.

ती एक नसते. नरम नाकाच्या गोळीचे शिसे पुढून उघडे असते. मांसात शिरताच ते अळंबीसारखे पसरते. जखम रुंद होते, पण गोळी लवकर थांबते. पूर्ण कवचाची गोळी आकार न बदलता खोल जाते. हत्तीच्या कवटीला तीच हवी. डब्ल्यू. डी. एम. बेलने आफ्रिकेत .२७५ सारख्या लहान बोअरच्या कवचबंद गोळ्यांनी शेकडो हत्ती पाडले, कारण मेंदूची जागा त्याला पाठ होती. तीच गोळी बिबट्याच्या पोटातून आरपार जाईल आणि बिबट्या पळून जाईल.

या बाबतीत वाचावा तो कॉर्बेट. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली त्याच्या .२७५ रिग्बीच्या एका गोळीने मेला. त्याआधी आठ वर्षांत सरकारी हिशेबाने १२५ माणसे गेली होती. बिबट्या मेल्यावर कॉर्बेट त्याच्या जुन्या जखमांची यादी देतो, आणि मला त्या पुस्तकातले सर्वांत मोलाचे पान तेच वाटते. छातीच्या कातडीत छर्रा रुतलेला. मागच्या पायाच्या बोटाचा भाग गेलेला; तो १९२१ साली पुलावरून एका लष्करी अधिकाऱ्याने झाडलेल्या गोळीने. म्हणजे ज्या गोळीने काम केले ती कथेच्या शेवटी आहे, आणि ज्यांनी केले नाही त्या मधल्या वर्षांत आहेत. चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे बंदुकीच्या जखमेने तुटलेले होते, आणि त्यामुळेच ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट सांगतो. तिथे तर निकामी बारापासूनच कथा सुरू होते. आपण कॉर्बेट आवडीने वाचला, तो थरारासाठी. ही पाने भराभर उलटली.

हा निव्वळ साहित्यिक हिशेब असता तर मी एवढा अडून बसलो नसतो. पण अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसात बिबट्या राहतो, तिथेच पिल्ले वाढवतो. बळी गेला की गावाची मागणी एकच : गोळी घाला. ती चुकीची आहे असे घरात मूल गमावलेल्याला कोण सांगणार? १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमाने तशी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. मात्र चर्चेत शिकारकथेचीच भाषा उतरते. बार झाला की प्रश्न मिटला, असे गृहीत धरले जाते. कोणती गोळी, किती अंतरावरून, रात्री टॉर्चच्या उजेडात बिबट्याच्या शरीराचा कोणता भाग दिसत असताना, हे कुणी विचारत नाही. गोळी खांद्याऐवजी पोटात बसली, तर बिबट्या पुन्हा उसातच शिरतो. आणि तोडणीच्या दिवसांत त्याच फडाच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात.