‘गेला होता’ आणि फ्रेंचमधील ‘प्ल्यूस्कपार्फे’: एका समीकरणाची तपासणी

फ्रेंच भाषेतील ‘प्ल्यूस्कपार्फे’ हा काळ मराठी विद्यार्थ्यास शिकविताना बहुधा एकच समीकरण फळ्यावर लिहिले जाते: प्ल्यूस्कपार्फे म्हणजे आपला पूर्ण भूतकाळ. ‘इल एते आले’ म्हणजे ‘तो गेला होता’. समीकरण सुटसुटीत आहे, आणि रूपसिद्धीपुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु उपयोगाच्या प्रांतात शिरताच ते विद्यार्थ्याची दिशाभूल करते. इतकेच नव्हे, तर ‘पूर्ण भूतकाळ’ या संज्ञेने आपण मराठीचेही जे वर्णन करीत आलो आहोत त्यातील उणीव ते उघडी पाडते. या दुसऱ्या बाजूकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. म्हणून हे टिपण.

प्रथम रूपाविषयी. फ्रेंचमध्ये ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या साहाय्यक धातूचे ‘अँपार्फे’चे, म्हणजे अपूर्ण भूताचे रूप घ्यावयाचे व त्यास मुख्य धातूचे भूतकालवाचक कृदंत जोडावयाचे, एवढीच रचना आहे. मराठीत ‘-ल’ प्रत्ययान्त कृदंतापुढे ‘होता’ येते. हे ‘होता’ व्युत्पत्तीने वर्तमानकालवाचक कृदंत असल्यामुळे त्याच्या मुळाशीही चालू असण्याचीच कल्पना आहे. पूर्ण झालेली क्रिया दाखविण्यासाठी दोन्ही भाषांनी अपूर्णतेच्या चौकटीचा आश्रय केला, ही गोष्ट विद्यार्थ्याच्या नजरेस आणून दिली पाहिजे. ‘आवे’ या रूपांची नुसती घोकंपट्टी करविण्यात काही हशील नाही.

साम्य याहूनही खोल जाते. फ्रेंचमध्ये ‘मी पत्र लिहिले होते’ असे सरळ क्रमाने म्हणताना कृदंत अविकारी राहते: ‘झाव्हे एक्री ला लेत्र’. पण कर्म आधी आले की कृदंत कर्माचे लिंगवचन घेते: ‘ला लेत्र क झाव्हे एक्रित’. हा शेवटचा ‘त’ केवळ लेखनातला नाही, तो ऐकूही येतो. इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचकडे आलेल्यास हा नियम जाचक वाटतो. मराठी माणसास मात्र तो परका वाटण्याचे कारण नाही. ‘मी निबंध लिहिला होता’, ‘मी चिठ्ठी लिहिली होती’ असे कर्मानुसारी बोलणे त्याच्या जिभेवर बालपणापासूनच असते. कारण उघड आहे. लॅटिनमधील ‘लिहिलेले पत्र मजजवळ आहे’ ही रचना आणि संस्कृतातील ‘मया पत्रं लिखितम्’ ही रचना, दोहोंतही कृदंत मुळात कर्माचे विशेषण होते. मराठीने कर्माशी असलेले हे नाते जवळजवळ अखंड राखले. फ्रेंचमध्ये ते अर्धवट उरले, आणि सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने इटालियनच्या आदर्शावरून त्यास नियमाचे रूप दिले. 2018 साली बेल्जियममधील दोन माजी शिक्षकांनी ‘आव्वार’सह येणारा हा विकार रद्द करावा अशी जाहीर सूचना केली तेव्हा फ्रेंच जगात मोठा वाद माजला. आपल्या वर्गात त्या वादाचे कारण दोन मिनिटांत समजावून देता येते.

मात्र याच ठिकाणी एक खड्डा आहे. मराठीतील काही सकर्मक धातू कर्त्याचेच अनुसरण करतात: ‘तो धडा शिकला होता’, ‘मी छत्री विसरलो होतो’. ‘गेलो होतो’च्या नमुन्यावर ‘विसरलो होतो’ बसवून विद्यार्थी ‘एत्र’ लावतो आणि ‘झेते उब्लिए’ असे लिहितो. फ्रेंच वाचकास त्याचा अर्थ ‘लोक मला विसरले होते’ असा लागतो. छत्री बाजूला राहते आणि बिचारा कर्ताच विस्मृतीत जातो. येथे ‘झाव्हे उब्लिए’ हवे. ‘एत्र’ घेणारे धातू मोजके आहेत. आत्मवाचक क्रियापदे सोडली तर ते बहुतेक जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा गतिस्थितिवाचक अर्थाचे. मराठीतील कर्तरी प्रयोगाची मर्यादा त्याहून पुष्कळ मोठी आहे.

आता उपयोगाकडे वळू. देहूरोड, तळेगाव या बाजूने लोकलने पुण्यास शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यास ‘उशीर का झाला?’ असे विचारले, तर तो सांगेल: ‘मी देहूरोड स्टेशनवर पोहोचलो तेव्हा लोकल सुटली होती.’ येथे ‘ल त्रँ एते पार्ती’ हा अनुवाद बिनचूक आहे. पोहोचणे ही एक भूतक्रिया, सुटणे ही तिच्याही आधीची. हान्स रायशेनबाख याने 1947 साली काळांच्या विवेचनासाठी जी तीन स्थाने कल्पिली, म्हणजे घटनेचे, संदर्भाचे व भाषणाचे, ती येथे एकामागोमाग एक सुबक मांडता येतात.

त्याच विद्यार्थ्यास ‘रविवारी काय केलेस?’ असे विचारावे. तो म्हणेल: ‘देहूला गेलो होतो.’ दुसरी कोणतीही भूतक्रिया येथे नाही. फ्रेंचमध्ये या जागी ‘झ स्वी आले’ असा ‘पासे काँपोझे’च येईल. ‘झेते आले’ म्हटले तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहील: गेला होतास, आणि मग काय झाले? आपला माणूस इंग्रजीतही ‘आय हॅड गॉन टु पूना यस्टर्डे’ असे म्हणतो, आणि हिंदीतील ‘गया था’ची चालही हीच आहे. तेव्हा हा एखाद्या विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा नसून आपल्याकडील भाषांची रीत आहे. तिला चूक म्हणून तांबड्या शाईने खोडणे सोपे. तिचे स्वरूप सांगणे अवघड.

‘गेला’ आणि ‘गेला होता’ यांत भेद कोणता? सामान्यतः असे सांगितले जाते की ‘तो पुण्यास गेला’ म्हणजे अजून तेथे असेल, आणि ‘गेला होता’ म्हणजे परत आला; क्रियेचा परिणाम मिटला. ‘तुमच्याकडे कोणी आले होते’ या वाक्याने हे मत दृढ होते, कारण आलेला माणूस निघून गेलेला असतो. पण हे मत पुरते टिकत नाही. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आज त्या घटनेविषयी लिहिताना मराठी वृत्तपत्रकार सहज लिहून जातो: ‘डॉ. आंबेडकरांनी येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती.’ त्या प्रतिष्ठापनेचा परिणाम काही मिटलेला नाही. देहूरोडचे बुद्धविहार आजही तीर्थस्थान आहे. मग ‘होती’ का? माझ्या मते येथे परिणामाचा प्रश्नच नाही. बोलणारा त्या घटनेस वर्तमानापासून तोडून एका संपलेल्या कालखंडात ठेवतो, इतकाच ‘होता’चा अर्थ. गेलेला माणूस परत येणे हा त्या तुटकपणाचा एक संभाव्य परिणाम आहे. तो त्याची व्याख्या नव्हे.

हे वाक्य फ्रेंचमध्ये नेताना काय करावे? एकटेच असेल तर प्ल्यूस्कपार्फे वापरू नये. ऐतिहासिक निवेदनात ‘पासे सँप्ल’ अथवा ‘पासे काँपोझे’ योजावा. पण पुढे ‘14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली’ असे वाक्य असेल आणि निवेदनाचा रोख नागपूरवर असेल, तर देहूरोडची प्रतिष्ठापना प्ल्यूस्कपार्फेत गेली पाहिजे, कारण आता ती त्या दीक्षेच्या पूर्वपीठिकेचा भाग झाली. 1935 सालची येवल्याची घोषणाही तशीच. मराठी ‘होती’ दोन्ही ठिकाणी तेच राहते. फ्रेंच काळ बदलतो. अनुवादकाने यांत्रिकपणे प्रत्येक ‘होती’ला प्ल्यूस्कपार्फे लावला, तर स्वतंत्र महत्त्वाच्या घटनेची केवळ पार्श्वभूमी होऊन बसेल. असला दोष व्याकरणाचा म्हणून सोडून देता येत नाही; तो इतिहासाच्या मांडणीपर्यंत पोहोचतो.

उलट दिशेनेही समीकरण फसते. मराठीत ‘तो म्हणाला की मी अर्ज पाठविला आहे’ असे म्हणतात, कारण आपण बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच काळात ठेवतो. फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळी असल्यामुळे ‘आहे’चा तेथे प्ल्यूस्कपार्फे होतो. ‘मला कळले असते तर आलो असतो’ यात तर ‘होता’चा मागमूसही नाही, तरी फ्रेंच अटीच्या वाक्यात ‘सी झाव्हे स्यू’ असेच हवे. मराठी विद्यार्थी दोन्हीकडच्या ‘असते’ला जागून ‘सी झोरे स्यू’ लिहितो. फ्रान्समधील मुलेही ही चूक करतात, एवढेच त्याचे समाधान.

सारांशाने एमील बँव्हनिस्त याचे 1959 सालचे प्रतिपादन येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याने फ्रेंच काळांची ऐतिहासिक निवेदन व संभाषण अशी दोन प्रस्थाने मानली, आणि प्ल्यूस्कपार्फेस दोहोंतही स्थान दिले. मराठीत असे दुहेरी वास्तव्य ‘होता’लाही आहे, पण त्याचा मुख्य जोर संभाषणात दिसतो, कथनात पूर्वक्रिया दाखविण्याचे पुष्कळसे काम ‘-ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधिताकडे जाते. ‘जेवून निघाला’ हे आपण म्हणतो. ‘तो जेवला होता, मग निघाला’ असे क्वचित.

या दृष्टीने ‘पूर्ण भूतकाळ’ ही संज्ञा असमाधानकारक ठरते. ‘गेला’ यातही क्रिया पूर्णच आहे; ‘होता’ने पूर्णतेत भर पडत नाही. मोरो केशव दामले यांच्या 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून काळ व अर्थ यांची सूक्ष्म चिकित्सा आपल्याकडे झाली आहे, आणि ज्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या अनुवादाने 1941 पासून मराठीत उपलब्ध आहे. असे असता शालेय व्याकरणातील साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती ही चौकडी आपण पदव्युत्तर वर्गातही निमूटपणे चालवितो, हे आश्चर्य आहे. ‘निवृत्त भूत’ अशी संज्ञा मी सुचवितो. निवृत्त म्हणजे परतलेला आणि संपलेलाही. देहूस जाऊन आलेला विद्यार्थी व 1954 सालची घटना यांना ती सारखीच लागू पडते.

एका उपयोगात मात्र दोन्ही भाषा अनपेक्षितपणे एकत्र येतात. दारात उभा असलेला पाहुणा म्हणतो: ‘जरा विचारायला आलो होतो.’ तो अजून परतलेला नाही, समोरच उभा आहे. स्वतःची विनंती मागे सारून, तिचा भार समोरच्यावर पडू न देण्याची ही विनयाची रीत आहे. फ्रेंच पाहुणाही याच प्रसंगी ‘झेते व्हन्यू’ म्हणू शकतो, आणि फ्रेंच व्याकरणकार त्यास सौजन्याचा प्ल्यूस्कपार्फे समजतात. येथे विद्यार्थ्याने ‘आलो होतो’चे शब्दशः भाषांतर केले तर त्यास पूर्ण गुण द्यावेत.