सोप्या स्वयंपाकाची बाजू

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिका चाळल्या तर कलेच्या पानांवर नाटक, नाट्यसंगीत, लेझीम, ढोल-ताशा, रांगोळी हे सगळं हमखास सापडतं. स्वयंपाक तिथे नसतो. तो आभारांच्या पानावर भोजन समितीच्या एका ओळीत असतो, नाहीतर शेवटची रिकामी जागा भरायला घातलेल्या दोन पाककृतींत. वास्तविक सातासमुद्रापार मराठी माणसानं रोजच्या रोज आणि प्रेक्षकांवाचून जपलेली कला शोधायची तर ती घरच्या चुलीपाशीच सापडेल. नाटकाच्या तालमी शनिवार-रविवारी होतात. आमटीला फोडणी मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावरही द्यावी लागते, तीही छतावरचा धुराचा भोंगा बोंबलणार नाही अशा बेतानं. ही कला टिकली कशी, असं विचारलं की निष्ठा, संस्कार, आईच्या हाताची आठवण अशी उत्तरं येतात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. निष्ठा तर मोडी लिपीवरही होती, तरी ती टिकली नाही. माझं म्हणणं जरा कोरडं आहे. घरचा स्वयंपाक टिकला, कारण कुणीतरी तो वेळोवेळी सोपा करत गेलं. ज्या घरांनी पदार्थ सोपे केले त्या घरांत ते होतात. ज्या घरांनी ‘हे असंच करायचं असतं’ असा हट्ट धरला त्या घरांत ते डब्यातून विकत येतात.

सगळ्यात जुना पुरावा बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाचा. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले अशी त्यांची परंपरागत समजूत. शतकानुशतके ते कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवले, शब्बाथला घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले, आणि घरात मराठीच बोलले. 1948 नंतरच्या काळात त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत स्थिरावले. आज त्यांची नातवंडं हिब्रूत बोलतात, हिब्रूत भांडतात. पण घरात शुभकार्य निघालं, नवस फिटला, नवीन घर घेतलं की मलिदा होतोच. पोहे धुऊन निथळायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे कालवायचे, ताटात मध्ये रास करून भोवती फळं मांडायची, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण करून वाटायचं. चूल पेटवावी लागत नाही, खास भांडं लागत नाही, दहा वर्षांचं पोरसुद्धा करू शकतं. पोहे आणि नारळ मिळाले की जगात कुठेही मलिदा होतो.

त्याच समाजाचा दुसरा पदार्थ शेजारी ठेवून पाहावा. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्षाचा चिकाचा हलवा. गहू भिजत घालायचे, वाटायचे, गाळायचे, चीक तळाशी बसू द्यायचा, मग तो नारळाच्या दुधात साखरेसकट घालून हात भरून येईपर्यंत घोटायचा. नारळाचं दूध हा काही कोकणी हौसेचा भाग नाही. ज्यू धर्मनियमांत मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, आणि मटणाच्या जेवणावर गोड खायचं तर गाईचं दूध बाद. कोकणच्या नारळानं धर्माची अडचण परस्पर सोडवली. आता हा हलवा पुष्कळ घरांत चीक न काढता कॉर्नफ्लोअरवर किंवा चायनाग्रासवर होतो. जुन्या बायका नाक मुरडत असतील, पण सणाच्या ताटातली वडी अजून जागेवर आहे. अवघड पदार्थाला वाचायचं होतं तर सोपं व्हावं लागलं. सोप्या पदार्थाला काहीच करावं लागलं नाही.

अमेरिकेतली गोष्ट याच वळणाची आहे. 1965 च्या कायद्यानं तिकडचं दार उघडलं आणि डॉक्टर-इंजिनिअर मंडळी संसार घेऊन गेली, तेव्हा बहुतेक गावांत भारतीय दुकान औषधालाही नव्हतं. मग क्रीम ऑफ व्हीटचा शिरा आणि उपमा झाला, बिस्क्विकचं पीठ आणि दुधाची पावडर मळून गुलाबजाम झाले, राइस क्रिस्पीजला फोडणी देऊन चिवडा झाला, रिकोटा चीज आटवून पेढे वळले गेले. या यादीकडे आपण आज थोडं हसून पाहतो. मला मात्र तिच्यात अंगात मुरलेला अभ्यास दिसतो. खव्याचं काम काय असतं? दुधातला पाणीपणा गेलेला असावा, स्निग्धता राहावी, कण हाताला मऊ लागावा. हे ज्या बाईला ठाऊक होतं तिनंच परक्या दुकानात उभं राहून नेमका रिकोटाचा डबा उचलला. शेजारीच क्रीम चीज होतं. ते आंबट आणि खारट, पेढ्याला कामाचं नाही. अशी निवड करायला पाककृतीचा कागद पुरत नाही, पदार्थ कळलेला असावा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जोरदार आहे: अशानं पदार्थाचा अस्सलपणा जातो. बिस्क्विकचा गुलाबजाम हा गुलाबजामच नव्हे. या आक्षेपाचं उत्तर एकादशीच्या ताटात वाढलेलं आहे. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची: सगळी मूळची अमेरिकेची पिकं, पोर्तुगीजांचे व्यापारी मार्ग सुरू झाल्यावर आपल्याकडे आलेली. साबुदाण्याची कथा तर आणखी गमतीची. आधी तो पामच्या गराचा, आग्नेय आशियातून जहाजानं यायचा. महायुद्धात ती आयात थांबली आणि 1940 च्या दशकात तमिळनाडूत सेलमच्या परिसरात टॅपिओकापासून तो करायचे कारखाने उभे राहिले. म्हणजे आपल्या सोवळ्यातल्या पदार्थातला मुख्य जिन्नस आजी-पणजीच्या हयातीत बदलला आणि उपवास मोडला असं कुणाला वाटलं नाही. खिचडी अस्सल कशामुळे? साबुदाणा भिजवताना पाण्याचा अंदाज, दाण्याचं कूट किती जाडं, तुपात जिरं तडतडल्यावर मिरची केव्हा, झाकण ठेवून वाफ किती. जिन्नस बदलला तरी चालला, हा अंदाज हरवला असता तर खिचडी मेली असती.

हा अंदाज शब्दांत धरण्याचं मोठं काम कमलाबाई ओगल्यांनी केलं. त्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक 1970 मध्ये आलं आणि परदेशी निघालेल्या कितीतरी नव्या नवऱ्यांच्या बॅगांत लोणच्याच्या बरणीशेजारी जाऊन बसलं. त्याचं यश रुचीपेक्षाही मापात आहे असं मला वाटतं. शेर-पावशेर, मापटं-चिपटं मागे पडत होतं, किलो-ग्रॅम नुकतं अंगवळणी पडत होतं, आणि घरात काटा कुणाकडेच नव्हता. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा धरला. वाटी ही वस्तू घराघरांत वेगळी असते, पण एक वाटी डाळीला किती वाट्या गूळ हे प्रमाण पुण्यात, लंडनमध्ये, सिडनीत एकच राहतं. ज्यांच्या मागे उभं राहून सांगायला सासू नव्हती त्यांना या पुस्तकानं सोपी वाट दिली, आणि तेव्हाही ‘पुस्तकात बघून का कुठे स्वयंपाक होतो’ असं म्हणणारे होतेच.

सोपं करणं म्हणजे वाटेल ते करणं नव्हे, हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. उकडीच्या मोदकाचं पाहा. कोकणात आंबेमोहोरासारखा वासाचा तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळतात. त्या पिठाची उकड लवचिक होते. परदेशी दुकानातलं पाकिटबंद तांदळाचं पीठ कोरडं आणि भरभरीत, पारी वळायला घेतली की कडा चिरतात. कुणी मैदा मिसळतं. पारी वळते खरी, पण मोदक वातड होतो. जाणत्या हातांनी दुसरा उपाय काढला: पिठात चमचा-दोन चमचे थाई दुकानातलं चिकट तांदळाचं पीठ. त्या तांदळातला स्टार्च जवळजवळ सगळा चिकट जातीचा, त्यामुळे पारी ताणली जाते, आणि तांदूळ तो तांदूळच असल्यानं चव बिघडत नाही. मग पाण्याला तूप-मीठ घालून उकळी, पीठ, झाकण, आणि हाताला चटका बसेल इतपत गरम असतानाच मळणं. ह्यात सूट नाही. तुपाचंही तेच. अमेरिकेतलं नेहमीचं लोणी न विरजलेल्या सायीचं, ते कढवलं की तूप होतं पण वास पोरका. घट्ट क्रीमला रात्री दह्याचं विरजण लावून सकाळी मिक्सरमध्ये फिरवलं की लोणीही सुटतं आणि ताकही मिळतं. काम दहा मिनिटांचं, विरजण मात्र टाळता येत नाही. ग्रीक योगर्टचं श्रीखंड करणाऱ्यांनाही हे कळलेलं असतं: डबा उघडून थेट साखर घातली तर ते पातळ होतं, कारण साखर उरलंसुरलं पाणी बाहेर ओढते; तेच फडक्यात तीन-चार तास टांगलं तर चक्क्याच्या जवळ जातं. कुठला टप्पा गाळायचा आणि कुठला नाही, हे ज्याला कळलं त्याचंच सोपं करणं पदार्थाला मानवतं.

दुसरा आक्षेप अलीकडचा. आता गोठवलेले मोदक मिळतात, पुरणपोळ्या मिळतात, भाजणीही पाकिटात मिळते. मग एवढा खटाटोप कशाला? जिथे मिळत नाही तिथे सोपं करणं समजू शकतं, पण जिथे सगळंच मिळतं तिथे घरी करण्याचं कारण उरत नाही, असा हा युक्तिवाद. विकत आणण्यात मला कमीपणा वाटत नाही; चकलीची भाजणी घरी भाजून दळणं हा बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये शहाणपणा नाही. पण विकतच्या मोदकात खोबरं-गुळाचं सारण कधी ‘झालं’ हे कुणी शिकत नाही. ते पातेल्याच्या कडा सोडू लागतं, वास बदलतो, आणि दोन मिनिटं जास्त ठेवलं की निवल्यावर कडक होतं. हे एका घरात एकदाही घडलं नाही की तिथली पुढची पिढी खाणारी राहते, करणारी राहत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं. त्यांच्या उत्सवांत आणि अधिवेशनांत हजारो पानं उठतात आणि ती केटररकडून यावीत हेच बरं. पण केटरर जेवण पोचवतो. हात तयार होतो तो मेतकूट-भात, पिठलं, थालीपीठ, मुगाची खिचडी, रव्याचा लाडू अशा अर्ध्या-पाऊण तासांत होणाऱ्या गोष्टींवर, आणि नेमक्या त्याच गोष्टी मंडळाच्या मेनूत कधी नसतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. घरच्या स्वयंपाकाला कला म्हणून गौरवलं की ते कौतुक बाईच्या पाठीवर बसतं. सुगरणीचा किताब द्यायचा आणि दिवाळीत चार रात्री तिला कढईपुढे उभं ठेवायचं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललं, परदेशात नोकरी सांभाळूनही चाललं. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच सोपेपणाची बाजू आणखी भक्कम होते. अवघड पदार्थ एकाच तज्ज्ञ हाताचा कैदी असतो. करंजी तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजली तर मुरड घालायला मुलं बसतात, कारण जवळ उकळतं तेल नसतं. कुकरमध्ये वरण-भात एकत्र लावता आला तर तो नवराही लावतो. मिल्क पावडरचा पेढा मायक्रोवेव्हमध्ये होऊ लागला तर तो कॉलेजच्या होस्टेलवरही होतो. होस्टेलवरचा तो मुलगा पेढ्यावर अंगठा दाबून खळगा करतो, त्यात पिस्त्याचा काप बसवतो, आणि पंजाबी, तेलुगू, कोरियन मित्रांना वाटतो. त्याला सुगरण म्हणायला आपल्याकडे धड पुल्लिंगी शब्दही नाही, पण पेढा झालेला असतो.

म्हणून स्मरणिकेच्या संपादकांना एक सुचवावंसं वाटतं. शेवटच्या पानावर ठरावीक पाककृती छापण्याऐवजी पुढच्या अंकात एवढंच मागवावं: तुमच्या गावात काय मिळत नाही, त्याऐवजी काय वापरलंत, ते का जमलं किंवा का फसलं. फसलेलंही मागवावं, कारण क्रीम चीजचा पेढा फसतो हे कुणीतरी लिहून ठेवलं तर पुढच्याचा एक डबा वाचतो. सोबत शहराचं नाव असावं. ओस्लोच्या थंडीत पीठ आंबवायची युक्ती दुबईत उपयोगाची नाही, आणि दुबईत ताज्या नारळाची ददात नाही.