‘गेट’ आणि ‘गावणें’

कुणकेश्वराच्या किनाऱ्यावर रापणीचें जाळें ओढून वाळूवर आलें, म्हणजे भोंवतीं जमलेल्या माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो : ‘काय गावला?’ देवगड तालुक्यांतील या गांवीं ज्याचें बालपण गेलें, त्याला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. ‘गावणें’ म्हणजे मिळणें, सांपडणें, हातीं येणें. मासा गावतो, हरवलेली वस्तु गावते, पळालेला चोर गावतो. आणि धांवत जाऊनहि एस.टी. निघून गेली, तर ‘गाडी गावाक नाय’ असें म्हणून माणूस कपाळाचा घाम पुसतो. एवढीं कामें एकट्यानें करणारें हें क्रियापद मीं शाळेंत असतांना एकदां निबंधांत वापरलें. गुरुजींनीं त्यावर तांबडी रेघ ओढून वर ‘मिळाले’ असें लिहिलें. त्या दिवसापासून हा शब्द घरचा, म्हणून लेखनास अपात्र, अशी माझी समजूत झाली. पुढें इंग्रजीचा अध्यापक झाल्यावर तीच तांबडी शाई मीं एका इंग्रजी शब्दावर वर्षानुवर्षें ओतली. त्या अपराधाची कबुली आणि त्यापासून निघणारा बोध, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तो शब्द म्हणजे ‘गेट’. दाराचें फाटक दाखविणारें नाम नव्हे, तर इंग्रजी बोलण्यांत पावलोपावलीं येणारें क्रियापद. आमच्या शब्दार्थांच्या वहींत त्याच्यासमोर ‘मिळणें, मिळविणें’ एवढेंच लिहिलेलें असे. विद्यार्थ्यानें ‘आय गॉट युअर लेटर’ असें लिहिलें कीं, मी तेथें ‘रिसीव्ह्ड’ घालीत असें. पुस्तक ‘गॉट’ केलेलें दिसलें कीं ‘पर्चेस्ड’ किंवा ‘ऑब्टेन्ड’. लांब शब्द तो सभ्य शब्द, असा आमचा सिद्धान्त होता. वर्गांत मी जी यादी लिहून देई, ती मुलें मोठ्या निष्ठेनें पाठ करीत.

त्या यादीचें मोल मला एका महाशिवरात्रीला समजलें. आसपासच्या गांवांच्या देवांच्या पालख्या समुद्रस्नानासाठीं किनाऱ्यावर येत होत्या. त्या गर्दींत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो व्यापारी जहाजावर नोकरीस होता. पहिल्याच सफरींत वरिष्ठ अधिकाऱ्यानें त्याला घाईघाईनें एक काम समजावून सांगितलें आणि शेवटीं विचारलें, ‘गॉट इट?’ यानें आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलें आणि नम्रपणें उत्तर दिलें कीं, साहेबांनीं मला कांहींच दिलेलें नाहीं. सर्वजण हंसले. त्यानंतर कित्येक आठवडे तो गरजेपुरतेंच बोलत असे. हें सारें सांगून झाल्यावर तो म्हणाला, “सर, तुमचे सगळे शब्द माका पाठ होते, पण थंय ते कोणाक लागतच नाय होते.” त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें मला अधिक लागलें.

आमची ही अभिरुचि आली कोठून? इंग्रजी भाषा आपल्याकडे कचेरींतून आणि ग्रंथांतून आली. स्वयंपाकघरांतून किंवा अंगणांतून आली नाहीं. अर्ज, निवाडे आणि निबंध यांची इंग्रजी हीच आम्हीं खरी इंग्रजी मानली. परंतु खुद्द इंग्रजांपैकीं जाणत्यांचें मत निराळें होतें. १९०६ सालीं फाउलर बंधूंनीं ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथाच्या आरंभींच असा उपदेश केला कीं, दूरच्या शब्दापेक्षां ओळखीचा शब्द आणि लांब शब्दापेक्षां आंखूड शब्द पसंत करावा. बिहारमधील मोतिहारी येथें जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनींहि १९४६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत तोच आग्रह धरला. ‘गेट’ हा असाच ओळखीचा शब्द आहे. स्कँडिनेव्हियांतून दर्यावरून इंग्लंडांत आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेंतून तो इंग्रजींत शिरला. ‘ऑब्टेन’ आणि ‘रिसीव्ह’ हे लॅटिनच्या घराण्यांतून फ्रेंचच्या वाटेनें आले. एक दर्यावर्दी आणि दुसरे दरबारी! दरबारी शब्दांना आम्हीं उच्चासन दिलें आणि दर्यावर्दी शब्दाला दाराबाहेर उभें केलें.

आतां कोणी म्हणेल, ज्याला एवढे अर्थ आहेत तो शब्द शिकवावा तरी कसा? उत्तर असें कीं, अर्थांची यादी न देतां त्या शब्दाची संगत दाखवावी. ‘गेट’च्या पुढें नाम आलें, तर बहुधा मिळणें किंवा आणणें हा अर्थ असतो. विशेषण आलें, तर होणें : ‘गेट वेट’ म्हणजे भिजणें. स्थळ आलें, तर पोंचणें. एखाद्या माणसाचा उल्लेख करून पुढें क्रिया सांगितली, तर त्याच्याकडून ती करवून घेणें. भूतकालवाचक कृदन्त आलें, तर कर्मणि प्रयोगाचा एक घरगुती प्रकार होतो, आणि त्यांत पुष्कळदां कांहीं तरी अंगावर ओढवल्याची छटा असते. ‘ही वॉज बीटन’ म्हणजे त्याला मारण्यांत आलें. ‘ही गॉट बीटन’ म्हणजे त्यानें मार खाल्ला. हा भेद ज्याला मराठींत कळतो, त्याला तो इंग्रजींत कळण्यास अडचण पडूं नये.

शिवाय अशा अनेकार्थी क्रियापदांची आपल्याला संवय नाहीं, असें थोडेंच आहे? ‘लागणें’ हेंच पाहा. नोकरी लागते, ठेच लागते, तहान लागते. वाटेंत गांव लागतें, मूल रडूं लागतें, आणि मनांत नसतांहि जावें लागतें. मोल्स्वर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशांत (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७) या एका शब्दाखालीं अर्थांची लांबच लांब रांग लागलेली आहे. ती रांग पाठ करून कोणी मराठी बोलूं लागला नाहीं. आपलें मूल शाळेंत जाण्यापूर्वींच हा शब्द अचूक वापरतें. कारण तें शब्द ऐकतें तें प्रसंगासह. विशेष हें कीं, नोकरी, तहान, इजा आणि सक्ति या चारहि ठिकाणीं इंग्रज माणूस सहज ‘गेट’चाच आश्रय घेतो. म्हणजे ‘गेट’चा पुष्कळसा प्रदेश आपल्या ‘लागण्या’नें आणि ‘गावण्या’नें आधींच व्यापलेला आहे. त्या वाटेनें विद्यार्थ्याला नेण्याऐवजीं आम्हीं त्याला यादीच्या आडरानांत सोडलें.

मात्र याचा अर्थ ‘गेट’ सर्वत्र चालतो, असा नव्हे. नोकरीच्या अर्जांत आपली पदवी ‘गॉट’ आहे असें लिहिणें, म्हणजे लग्नाच्या पंगतींत बनियन घालून बसणें होय. ‘गेट मी सम वॉटर’ हें वडील माणसास म्हटलें तर उद्धट होतें. ‘कुड यू गेट मी सम वॉटर’ म्हटलें तर तेंच क्रियापद विनयशील होतें. दोष शब्दाचा नसून वाक्याच्या घडणीचा आहे. ‘पाणी आण’ आणि ‘जरा पाणी आणतां का?’ यांत क्रियापद कोठें बदलतें? ‘आय गॉट यू’ या तीन शब्दांचा अर्थ तर केवळ स्वरावरून ठरतो : तुझें म्हणणें समजलें, तूं सांपडलास, किंवा भिऊं नकोस, मीं तुला धरलें आहे. पकडणारा आणि वांचविणारा हे दोघे एकच वाक्य बोलतात.

अलीकडच्या तरुणांची चूक आमच्या उलट आहे. चित्रपटांतून आणि हातांतल्या फोनवरून त्यांनीं हा शब्द उचलला. पण त्याची संगत उचलली नाहीं. एका विद्यार्थिनीनें मातृशोक झालेल्या मैत्रिणीला ‘गेट ओव्हर इट’ असें लिहिलें. तिच्या मनांत करुणा होती. वाक्याचा ध्वनि मात्र ‘पुरे झालें तुझें रडणें’ असा होता. ‘यू विल गेट थ्रू धिस’ म्हटलें असतें, तर धीर पोंचला असता. एका लहानशा अव्ययाच्या फरकानें सांत्वनाचा फटकारा झाला आणि दोघींत अबोला आला. आमच्या पिढीनें शब्द टाळून मुलांना मुकें केलें. ही पिढी शब्द उधळून माणसें दुखविते. दोन्हींचें मूळ एकच : प्रसंगाकडे पाठ.

म्हणून मी आतां तांबडी रेघ ओढण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारतों : हें कोण बोलत आहे, कोणाशीं बोलत आहे, आणि या शब्दाच्या शेजारीं कोण बसलें आहे? हेच प्रश्न गुरुजींनीं माझ्या निबंधाला विचारले असते, तर रापणीच्या वर्णनांतला ‘गावले’ त्यांनीं कदाचित् जिवंत ठेवला असता. १९८० सालीं गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळी यांनीं रंगभूमीवर आणलें आणि मालवणी बोली अवघ्या महाराष्ट्रानें डोक्यावर घेतली. तरीहि रंगमंचावर जिला टाळ्या पडतात, ती बोली वर्गांत मात्र अजून शुद्ध करून घेतली जाते. घरच्या शब्दाची लाज बाळगण्यास ज्याला लहानपणीं शिकविलें, तो परक्या भाषेच्या घरांतहि दिवाणखान्यापलीकडे जात नाहीं. आणि जहाजावर काय, शेजारीं काय, माणसांचा खरा व्यवहार चालतो तो माजघरांतच. माझ्या विद्यार्थ्याला तें माजघर स्वतःच्या हिंमतीवर गावलें. तें दाखविण्याचें काम माझें होतें.