‘मनपुरा ७०’ : बुडालेल्यांचा पट

जैनुल आबेदिन म्हटले की १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची रेखाचित्रे डोळ्यांपुढे येतात. स्वस्त कागद, काळी शाई, कोरडा कुंचला आणि फूटपाथवर कोसळलेली माणसे. एला सेन यांच्या १९४४ च्या ‘डार्कनिंग डेज’ या पुस्तकात ती चित्रे आली. ती थोर आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्या कीर्तीच्या सावलीत त्यांचा ‘मनपुरा ७०’ हा पट झाकला गेला. जुन्याच वेदनेची मोठी आवृत्ती, असे त्याच्याकडे पुष्कळदा पाहिले जाते. मला ते पटत नाही.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री चक्रीवादळ आणि भरतीची लाट मेघना नदीच्या मुखाशी असलेल्या बेटांवर आदळली. मृतांचा अंदाज तीन ते पाच लाखांचा आहे. मनपुरा हे त्यांपैकीच एक बेट. जैनुल तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. पुढे त्यांनी काळी शाई आणि मेण वापरून सुमारे तीस फूट लांबीचा हा पट काढला.

दुष्काळाच्या चित्रातला माणूस मरत असतो. त्याला कोणी वाटीभर पेज दिली तर तो वाचेलही. म्हणून ती चित्रे आपल्याला जाब विचारतात. मनपुऱ्यात जाब विचारायला कोणी उरलेले नाही. चित्रकाराने चवताळलेली लाट काढली नाही, बुडणाऱ्याचा वर आलेला हातही नाही. ते काढले असते तर चित्र नाट्यमय झाले असते आणि खोटेही. पाण्याने आपले काम करून टाकले आहे. एकमेकांत गुंतलेल्या प्रेतांची रांगच लाटेसारखी पसरत जाते. कुणाला कफन नाही, कुणाचा जनाजा नाही. कोण कुणाची आई, कोण कुणाचे लेकरू, हे रेषा सांगत नाही.

इथे एक आक्षेप घेता येईल. मधल्या भागात देहांची पुनरावृत्ती होते आणि नजर थकते. हे खरे आहे. पण ती थकावट पटाच्या लांबीतूनच येते, आणि ती लांबी अकारण नाही. बंगालचे पटुआ गावोगाव पट उलगडत, गाणे म्हणत कथा सांगतात. (त्यांच्यातले कितीतरी धर्माने मुसलमान आणि चितारतात मात्र देवादिकांच्या कथा, आपल्याकडच्या साहित्यसंस्कृतीच्या चर्चेत हे कुणी सांगत नाही.) जैनुल यांनी हीच रीत घेतली, गाणे तेवढे काढून टाकले. प्रेक्षकाला चालावे लागते. एका नजरेत हळहळून मोकळे होण्याची सोय नाही.

म्हणूनच पुस्तकात हा पट वीतभर पट्टीएवढा छापला जातो तेव्हा त्याची मोठी हानी होते. प्रेतांची वेलबुट्टी दिसू लागते! असा छापण्यापेक्षा त्याचे चार तुकडे चार पानांवर द्यावेत. निदान रेषेचा जाडपणा तरी कळेल.

पटाच्या शेवटाला एक जिवंत माणूस आहे. तो मान खाली घालून बसला आहे. दुष्काळाच्या चित्रांत चेहरे इतक्या ताकदीने काढणाऱ्या या चित्रकाराने त्याचा चेहरा आपल्याला दाखवलेला नाही.