मिरवणूक कोणाची?

जेम्स व्हॅन डर झी या छायाचित्रकाराने १९२४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत घेतलेले एक छायाचित्र आमच्या टेबलावर आहे. ‘आफ्रिकन लीजन’ नावाच्या दलाचा एक सभासद गणवेश घालून सहकुटुंब स्टुडिओत आला आहे. हे दल कोणत्याही युद्धावर गेले नाही. गणवेश होता तो मिरवणुकीचा. आणि ती मिरवणूक घरच्या भिंतीवर टांगून ठेवावी, मुलाबाळांनी पाहावी, असे त्या गृहस्थाला वाटले, एवढे हे छायाचित्र निःसंशय सांगते.

मिरवणूक होती मार्कस गार्वी यांच्या संघटनेची. जमेकात जन्मलेल्या गार्वींनी (१८८७–१९४०) ही संघटना १९१४ साली किंग्स्टन येथे स्थापन केली. जगभर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ऐक्य हे तिचे ध्येय. पुढे तिचे केंद्र हार्लेमला आले. १९२०च्या ऑगस्टमध्ये तिचे मोठे अधिवेशन भरले, हार्लेमच्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे २५ हजार लोक जमले आणि तांबडा, काळा व हिरवा हे रंग आफ्रिकी वंशाचे म्हणून जाहीर झाले. ते आजही ओळखले जातात.

या मिरवणुकांवर जे लिहिले गेले आहे, त्यातील बरेचसे एका टोपीभोवती फिरते. उघड्या मोटारीत बसलेले गार्वी, अंगावर जरीचा पोशाख, डोक्यावर पिसांचा तुरा असलेली टोपी. साम्राज्याचा द्वेष करणाऱ्याने गव्हर्नरसाहेबाचाच वेष का घ्यावा, असा प्रश्न टीकाकारांनी केला आणि तो रास्तच आहे. विद्वान पुढारी द्यु बॉइस यांनी १९२३ साली गार्वींवर जी टीका केली, तिच्यात तर व्यक्तीच्या रंगरूपाचीही गय नव्हती. परंतु आमची तक्रार निराळी आहे. या सर्वांनी मिरवणूक पाहिली ती फुटपाथवर उभे राहून. आणि फुटपाथवरून मोटार आधी दिसते, रांग मागाहून.

रांगेत कोण होते? त्या काळी हार्लेमचे पुरुष बहुधा हमाल, लिफ्ट चालवणारे, हॉटेलांतील वाढपी; स्त्रिया गोऱ्यांच्या घरी मोलकरणी. संघटनेची वर्गणी महिना ३५ सेंट, आणि तिच्यातूनच सभासद वारल्यास अंत्यविधीला मदत मिळे. (मयत-फंड चालवणाऱ्या आमच्या वाचकांना या तरतुदीचे मोल सांगायला नको.) ‘ब्लॅक क्रॉस’ परिचारिका पांढरी वस्त्रे लेवून चालत, एरवी त्या आपापल्या वस्तीत आरोग्याची शिकवण देत. सोमवारी दुसऱ्याचे कपडे धुणारी बाई रविवारी स्वतःचे शुभ्र वस्त्र नेसून आपल्याच रस्त्याच्या मधोमध चालते, ही गोष्ट आम्हांस टोपीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

याच शहरात अगदी वेगळ्या धाटणीची एक फेरी त्याआधी निघाली होती. २ जुलै १९१७ रोजी ईस्ट सेंट लुईस येथे गोऱ्या जमावाने काळ्या वस्तीवर हल्ला केला. सरकारी आकड्यांप्रमाणे ३९ काळे व ९ गोरे मेले. २८ जुलैला सुमारे १० हजार माणसे न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरून चालली. पुढे मुले, मागे स्त्रिया, दोन्ही पांढऱ्या वेषात, आणि शेवटी गडद पोशाखातील पुरुष. घोषणा नाही, गाणे नाही; केवळ कापड गुंडाळलेल्या ढोलांचा दबका ठोका. एका फलकावर ‘खून करू नकोस’ ही देवाची आज्ञा होती. फेरी सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या दारावरून गेली. त्याच पंथाचे धर्मगुरू म्हणून तो रस्ता नकाशावर शोधताना आमचे बोट त्या दारापाशी थांबले. या मूक फेरीत कोणी राजा नव्हता, मोटार नव्हती. कलाकृती म्हणून पाहिले तर आम्ही हिलाच वरचे स्थान देऊ. तरीही शोकाची फेरी नित्य काढता येत नाही. माणसांना आनंदानेही रस्त्यावर उतरावेसे वाटते.

आता आमच्याविषयी थोडे. सप्टेंबर २०१६ मध्ये एका आजारी मित्राच्या जागी आम्ही न्यूयॉर्कच्या एका धर्मग्रामात होतो. हार्लेममध्ये १९६९ पासून दर सप्टेंबरात आफ्रिकी-अमेरिकी वारशाची मोठी मिरवणूक निघते. तेथील भाविकांनी आम्हांला तिच्यात येण्याचा आग्रह केला. आमच्या मनात किंतु होता. मिस्सा आटोपल्यावर रविवारी दुपारी बँडबाजाच्या मागे जाणे आमच्या वयाला शोभेल काय, हा एक. आणि हा वारसा आमचा नव्हे, आम्ही तेथे काय म्हणून चालावे, हा दुसरा. तरी गेलो, आणि सवयीप्रमाणे एका सजवलेल्या गाडीकडे वळलो. महिला मंडळाच्या वयस्कर प्रमुख बाईंनी आम्हांला अडवले. “फादर, गाडी गुडघे दुखणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही रांगेत या,” असे म्हणून त्यांनी आमच्या खांद्यावर एक तांबडा-काळा-हिरवा पट्टा घातला.

वाचकहो, सेमिनरीतून बाहेर पडल्यापासून आम्ही मिरवणुकीत चाललो ते छत्राखाली. ख्रिस्तशरीराच्या सणाला लोक पुढे-मागे असतात, मध्यभागी आम्ही. तेथून सर्व दिसते: मेणबत्त्या, पताका, फुले टाकणारी मुले. हार्लेममध्ये रांगेत चालताना आम्हांला दिसली ती पुढच्या माणसाची मान. मिरवणूक कशी झाली हे मिरवणुकीतल्याला कळत नाही. कळते ती बाजूच्याची चाल, आणि आपले पाऊल चुकले की ढळणारी ओळ. १२५व्या रस्त्यावर, जुन्या थेरेसा हॉटेलच्या इमारतीपाशी, घडीच्या खुर्च्यांवर बसलेली म्हातारी माणसे आमच्या रांगेतल्यांना नावाने हाका मारीत होती. आमचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. ते बरेच झाले.

पुढाऱ्यांचे पट्टे व जाहिरातीचे फलक त्या मिरवणुकीत फार होते, हेही नमूद केले पाहिजे. तेवढे भाग गाळले असते तर तिचे काही बिघडले नसते.

गार्वींच्या ऐक्याचे दोषही झाकू नयेत. १९२२ साली ते कु क्लक्स क्लॅनच्या एका पुढाऱ्यास अटलांटात भेटले. ज्यांच्या माणसांना झाडाला टांगले जात होते, त्यांना ही भेट कशी पचावी? त्यांची जहाज कंपनी बुडाली, पाच-पाच डॉलरचे शेअर घेणारे गरीब बुडाले. १९२३ साली त्यांना टपालातून फसवणूक केल्याबद्दल शिक्षा झाली, १९२७ साली देशाबाहेर काढले गेले आणि मिरवणुकीचा जोर ओसरला. (जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली.) एका माणसाभोवती गुंफलेली माळ त्या माणसाबरोबर तुटली. त्यांच्या १९२४च्या अधिवेशनात ख्रिस्त व पवित्र मरिया यांना काळ्या रूपात पुजावे असा पुकारा झाला, तेव्हा अनेकांना ती पाखंडी बडबड वाटली. आम्हांला ती तशी वाटत नाही. आमच्या देवळांतील गोऱ्या मरियेपुढे सावळ्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकले आहेत. आम्ही कधी विचारले नाही की तिचा रंग कोणी ठरवला. आणि ऐक्याची गोष्ट निघालीच आहे तर, मिरवणुकीत मानाचा तांबडा झगा कोणत्या जातीने घालावा यावरून गोव्यातील काही गावांत आपल्याच बांधवांनी भांडणे केली, हे आठवून आम्ही गार्वींवर उगारलेले बोट जरा खाली घेतो.

१३५वा रस्ता आला. याच रस्त्यावर व्हॅन डर झी यांचा स्टुडिओ होता. क्षणभर थांबून ती जागा पाहावी असे वाटले. पण मागची रांग पुढे ढकलत होती. १३६व्या रस्त्यावर सर्व पांगले. आम्ही घामाने भिजलेला पट्टा घडी करून पिशवीत ठेवू लागलो, तोच त्या बाई आल्या.

“तो इकडे द्या, फादर. धुऊन ठेवते. पुढच्या वर्षी कोणीतरी घालील.”