‘काटणे’ आणि ‘भागणे’ : बैजिक अपूर्णांकांच्या संक्षेपाची परिभाषा

बैजिक अपूर्णांकास सरळ रूप देण्याची रीत शालेय गणितात अवयव पाडण्याच्या पाठोपाठ येते. (क्ष² − ९) / (क्ष² − क्ष − ६) हा अपूर्णांक घेतला, तर त्याचा अंश (क्ष − ३)(क्ष + ३) असा आणि छेद (क्ष − ३)(क्ष + २) असा मांडता येतो. (क्ष − ३) हा समान अवयव दूर केला म्हणजे (क्ष + ३) / (क्ष + २) एवढे उरते. रीत निर्दोष आहे. तथापि ती शिकलेला विद्यार्थीही पुष्कळदा अवयव न पाडताच वरचा क्ष² खालच्या क्ष² बरोबर काटतो आणि ९ / (क्ष + ६) असे उत्तर लिहून मोकळा होतो. क्ष = ४ घेतल्यास मूळ अपूर्णांकाची किंमत ७/६ येते, या उत्तराची ९/१०.

या चुकीचे खापर सामान्यतः विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणावर फोडले जाते. हे निदान पटण्याजोगे नाही. निष्काळजीपणाच्या चुका अनियमित असतात. ही चूक मात्र ठराविक जागी व ठराविक स्वरूपात होते. ‘केले’ याऐवजी ‘करले’ म्हणणारे मूल निष्काळजी नसते, ते एका नियमाचा अतिव्याप्त उपयोग करीत असते. नियमित चुकीच्या मुळाशी नियमच असतो, हे भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही. तेव्हा प्रश्न असा की, वरील चुकीमागील नियम विद्यार्थ्यास कोठून मिळतो? तो बव्हंशी स्पष्टीकरणाच्या भाषेतून मिळतो, असे दाखविता येण्यासारखे आहे.

१. क्रियापदे

वर्गात या क्रियेसाठी ‘काटणे’, ‘काट मारणे’, ‘उडविणे’ ही क्रियापदे रूढ आहेत. ‘कॅन्सल करणे’ हेही त्याच पंक्तीत बसले आहे. या सर्वांचा अर्थ तपासला तर एक गोष्ट ध्यानात येते. ती गणिती क्रियेची नावे नसून कागदावर ओढलेल्या रेघेची नावे आहेत. अंश व छेद या दोहोंस एकाच राशीने भागणे ही येथील खरी क्रिया होय. भागावयाचे म्हटले की संपूर्ण अंशास व संपूर्ण छेदास भागावे लागते. काटावयाचे म्हटले की हाताशी सापडेल ते काटता येते. ‘भागणे’ या क्रियापदाचे कर्म संपूर्ण राशी असते, ‘काटणे’ याचे कर्म एखादे सुटे अक्षरही होऊ शकते. चुकीला वाट मिळते ती येथे.

‘उडणे’ या क्रियापदाने आणखी एक घोटाळा होतो. क्ष + ५ − ५ या राशीत ‘पाच उडाले’ असे म्हणतात आणि मागे शून्य राहते. (क्ष + २) / [(क्ष + २)(क्ष + ५)] येथेही ‘क्ष अधिक दोन उडाले’ असेच म्हणतात. पण मागे शून्य नव्हे, एक राहतो. जे उडाले त्याच्या जागी काही उरत नाही हा बोलभाषेतील अर्थ. म्हणून अंशस्थानी काय लिहावे हे विद्यार्थ्यास उमगत नाही, आणि तो शून्य लिहितो किंवा (क्ष + ५) हेच उत्तर मानतो. बेरजेतील लोप व भागाकारातील लोप या दोन भिन्न क्रियांना एकच शब्द दिल्याचे हे फळ आहे.

२. अवयव व पद

‘अवयव’ ही संज्ञाही निर्दोष नाही. अवयव म्हणजे अंग, घटक. न्यायशास्त्रात अनुमानवाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत, शरीराचे अवयव तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु घटक गुणाकाराने जोडलेला आहे की बेरजेने, याचा बोध या शब्दातून होत नाही. हिंदीतील ‘गुणनखंड’ या संज्ञेत तो होतो. क्ष² − ९ यात क्ष² हा घटक नाही काय, असे विद्यार्थ्याने विचारल्यास ‘नाही’ म्हणणे कठीण आहे. तो घटक आहेच; मात्र तो पद आहे, अवयव नव्हे. अवयव व पद यांतील हा भेद परिभाषेने सांगितला पाहिजे होता, तो सांगण्याचे ओझे शिक्षकावर पडले आहे.

वस्तुतः हा भेद मराठी बोलणाऱ्यास मुळीच परका नाही. ‘कोकणातील हवा व कोकणातील पाणी’ याचा संक्षेप ‘कोकणातील हवा व पाणी’ असा निःशंकपणे केला जातो; कारण ‘कोकणातील’ हे विशेषण दोन्ही पदांना लागू आहे. ‘कोकणातील हवा व देशावरील पाणी’ याचा तसा संक्षेप कोणी करीत नाही. जे सर्व पदांना समान आहे तेच कंसाबाहेर काढता येते, आणि जे बाहेर आले तेच अवयव झाले, हा नियम विद्यार्थी बोलताना पाळतो. राशीची रचना वाक्याप्रमाणेच थरांची असते हे त्यास दाखवून दिले, तर बीजगणितातही तो पाळील.

३. सान्निध्याचा अर्थ

चुकीचे दुसरे मूळ संकेतलेखनात आहे. दोन चिन्हे शेजारी ठेवली असता त्यांचा संबंध कोणता? ‘अब’ येथे गुणाकार. ‘१६’ येथे दहा अधिक सहा, म्हणजे बेरीज. ‘३½’ येथेही बेरीजच. एकाच सान्निध्याला दोन अर्थ आहेत. १६/६४ यातील दोन्ही ६ काटले तर १/४ हे उत्तर येते आणि ते बरोबर असते! १९/९५, २६/६५ व ४९/९८ यांतही हाच योग आहे. परंतु १३/३२ यातील ३ काटल्यास १/२ असे चुकीचे उत्तर मिळते. उत्तर बरोबर आल्याने रीत बरोबर ठरत नाही, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे अवघड.

येथे प्राचीन संकेताचे स्मरण उपयुक्त ठरेल. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशी ‘या’, ‘का’, ‘नी’ अशा आद्याक्षरांनी आणि व्यक्त राशी ‘रू’ या अक्षराने दाखविली जाते. ‘या ३ रू ५’ याचा अर्थ आजच्या लेखनात ३क्ष + ५ असा होतो. म्हणजे तेथे सान्निध्य बेरजेचे द्योतक होते, आणि भिन्न अव्यक्तांच्या गुणाकारासाठी ‘भा’ हे निराळे अक्षर लिहावे लागे. आजचा संकेत याच्या नेमका उलट आहे. संकेत कोणताही चालेल. परंतु तो संकेत आहे, निसर्गसिद्ध नव्हे, हे शिकणाऱ्यास सांगावे लागते.

४. ‘सरळ रूप’

‘सरळ रूप द्या’ या आज्ञेतही विचार करण्यासारखे बरेच आहे. (क्ष − ३) काटल्यावर मिळालेले (क्ष + ३) / (क्ष + २) हे रूप मूळ राशीशी सर्वत्र समान नाही. क्ष = ३ असता मूळ राशी ०/० अशी अर्थहीन होते; नव्या रूपाची किंमत मात्र ६/५ येते. दोन पर्यायशब्द सर्व संदर्भांत परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत, तसेच हे आहे. ‘क्ष ३ नसेल तर’ ही अट उत्तराचा भाग आहे. ‘काटणे’ म्हटले की ती रेघेखाली दडते, ‘भागणे’ म्हटले की शून्याने भागता येत नाही या नियमाची आठवण आपोआप होते.

हा प्रश्न जुना आहे. इ. स. ११५० मध्ये सिद्ध झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘लीलावती’ या भागात एक उदाहरण आहे : एका राशीस शून्याने गुणले, तीत तिचेच अर्ध मिळविले, मग तीनने गुणून शून्याने भागले, तेव्हा ६३ झाले, तर ती राशी कोणती? भास्कराचार्य गुणक शून्य व भाजक शून्य यांचा परस्परांशी लोप करतात आणि १४ हे उत्तर देतात. आजच्या गणितात हा लोप ग्राह्य नाही. एवढ्या श्रेष्ठ गणितज्ञालाही जेथे थबकावे लागले नाही, तेथे शाळकरी मुलाने आपण होऊन थबकावे, अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे.

५. एक आक्षेप

इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थीही हीच चूक करतात, मग मराठी क्रियापदांचा दोष कसा, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः मान्य करावा लागतो. परंतु ‘कॅन्सल’ हा शब्दही लॅटिनमधील जाळीवाचक शब्दापासून आला असून लिखाणावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारून ते रद्द करणे हाच त्याचा मूलार्थ होय. दोन्ही भाषांनी क्रियेऐवजी रेघेलाच नाव दिले. तेव्हा दोन्हीकडे एकच चूक आढळावी यात नवल नाही.

यावर जुन्या संज्ञेचे पुनरुज्जीवन हा उपाय सुचेल. अंश-छेदांस समान राशीने भागण्याच्या क्रियेला संस्कृत गणितात ‘अपवर्तन’ हे नाव होते. परंतु आज तो शब्द प्रकाशाच्या अभ्यासात गुंतला आहे, आणि मृत संज्ञा उठवून बसविल्याने ती बोलू लागत नाही. त्याची गरजही नाही. ‘अंश व छेद या दोहोंना (क्ष − ३) ने भागले, (क्ष − ३) शून्य नसावे’ हे वाक्य कोणत्याही मराठी मुलास कळते. ते ‘काटले’ याहून लांब आहे खरे. पण या लांबीत संपूर्ण राशी, उरणारा एक व शून्याची अट या तिन्ही गोष्टी सामावल्या आहेत. रेघ मारावयास हरकत नाही. ती कशाची खूण आहे हे मात्र भाषेने आधी सांगितलेले असावे.