स्वयंपाकघरातील पुरावा

हॅरल्ड मॅकगी यांचे 'ऑन फूड अँड कुकिंग' हे जाडजूड इंग्रजी पुस्तक १९८४ साली आले. २००४ मध्ये त्यांनी ते बऱ्याच अंशी नव्याने लिहिले. पाककृती शोधणाऱ्याची येथे निराशा होईल, शिक्षकाची होऊ नये.

एक उदाहरण पाहू. मांस आधी प्रखर आचेवर भाजले की बाहेर कवच तयार होऊन रस आत कोंडला जातो, असे पाश्चात्त्य आचारी पिढ्यानपिढ्या सांगत आले. मूळ कल्पना लीबिग या थोर रसायनशास्त्रज्ञाची, १८४७ सालची. मॅकगी म्हणतात, तव्यावरची चुरचुर ऐका. ती बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाफ होण्याची आहे. कवच अभेद्य असते तर ती थांबली असती! भाजल्याने खमंगपणा येतो, रस टिकत नाही. बुडबुडे ओसरले की चकली तळली गेली, हे जाणणाऱ्या गृहिणीला हा युक्तिवाद लगेच पटेल.

तुरटपणाचे विवेचनही चांगले आहे. तांबड्या वाइनमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरते, म्हणून जीभ कोरडी पडते. कोऱ्या चहाचे तसेच. दूध घातले की दुधातील प्रथिने आधीच पुढे होतात. वर्गात अर्थात चहाच पुरे.

आमची तक्रार एकच. लेखक पुरावा देतात, पण तो मुलांनी कसा तपासावा हे सांगत नाहीत. आम्ही सुचवू: बटाट्याची चकती कोरड्या तव्यावर खरपूस भाजावी आणि आधी व नंतर तोलावी. तेल मात्र नको. ते शोषले गेले की वजन फसवते.